वनस्पतिज पॉलिसॅकॅराइडे व पायसीकरण

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरले गेले असता जे मिश्रण तयार होते, त्यास पायस म्हणतात. दूध हे पायसाचे सर्वपरिचित उदाहरण होय. तेल व पाणी नुसती घुसळली, तर थोड्याच वेळात ती पुन्हा वेगळी होतात. हे वेगळे होणे लांबविणाऱ्या तिसऱ्या पदार्थास पायसीकारक असे म्हणतात. झाडांचे डिंक, फळांतील पेक्टिन, स्टार्च, बियांतील श्लेष्मल (बुळबुळीत) द्रव्ये इ. वनस्पतिज पॉलिसॅकॅराइडे (साध्या शर्करांचे पुष्कळ रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेली मोठ्या रेणूंची कार्बोहायड्रेटे, बहुशर्करा) या कामी दीर्घकाळ वापरात आहेत. तथापि त्यांची कार्यक्षमता सारखी नाही. बाभळीच्या कुलातील एका आफ्रिकी झाडाचा डिंक संत्र्याच्या सालीचे तेल पाण्यात महिनोन्‌महिने विखुरलेले ठेवू शकतो. गवारीच्या बियांचा डिंक पाणी त्याहून कितीतरी अधिक दाट करतो. परंतु तेलाच्या थेंबांभोवती टिकाऊ पटल तयार करण्याचे त्याचे सामर्थ्य फारच कमी असते. वस्तुतः दोन्ही डिंक मुख्यत्वे शर्करांचेच बनलेले असतात. मग हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला. पॉलिसॅकॅराइडात कोणत्या शर्करा किती आहेत यापेक्षा त्या कशा जोडलेल्या आहेत व त्यांच्याशी तेलाला धरून ठेवणारा एखादा लहानसा घटक बद्ध आहे किंवा नाही, यावर पायसीकरण अवलंबून असते, असे हे उत्तर आहे.

पायसाचे स्थैर्य : पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब हलके असल्यामुळे वर चढू लागतात. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हा वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो. पाण्याची श्यानता (दाटपणा) वाढविल्यास हा वेग मंदावतो. हे काम गवारीच्या डिंकासारखी द्रव्ये उत्तम प्रकारे करतात. परंतु यामुळे थेंबांचे वर चढणे फक्त लांबते. एकमेकांवर आदळून त्यांचे मोठे थेंब बनण्याची क्रिया थांबत नाही. ती थांबविण्यासाठी प्रत्येक थेंबाभोवती टिकाऊ पटल असावे लागते.

असे पटल तयार करणाऱ्या रेणूच्या अंगी दोन परस्परविरोधी गुण असावे लागतात. त्याचा एक भाग जलद्वेषी (पाण्यापासून दूर जाणारा) असला पाहिजे, म्हणजे तो तेलाच्या पृष्ठास धरून राहतो. दुसरा भाग जलस्नेही असला पाहिजे, म्हणजे तो पाण्यात पसरून शेजारच्या थेंबास जवळ येऊ देत नाही. शिवाय घुसळण्याच्या क्रियेत नवे पृष्ठ क्षणार्धात निर्माण होत असल्याने रेणूने तेथे त्वरेने पोहोचावे लागते. शर्करांच्या रेणूंत हायड्रॉक्सिल गट विपुल असतात. त्यामुळे शुद्ध पॉलिसॅकॅराइडे बहुतांशी केवळ जलस्नेही असतात. तेलाला धरणारा भाग त्यांच्यात स्वभावतः नसतो. म्हणूनच डिंकाने पायस टिकावे, हीच मुळात स्पष्टीकरणाची अपेक्षा असलेली गोष्ट होती.

प्राचीन उपयोग व व्यापार : या विषयाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान अरबी डिंकाला आहे. सूदानपासून सेनेगलपर्यंतच्या रुक्ष पट्ट्यात वाढणाऱ्या ॲकेशिया सेनेगल (नवे शास्त्रीय नाव सेनेगॅलिया सेनेगल) या काटेरी झाडापासून तो मिळतो. सूदानात या झाडास हाशाब म्हणतात. पावसाळा संपल्यावर झाडाच्या सालीच्या पट्ट्या सोलतात आणि काही आठवड्यांनी जखमेवर जमलेले डिंकाचे गोळे हातांनी खुडतात. प्राचीन ईजिप्तमध्ये रंगद्रव्ये बांधून ठेवण्यासाठी या डिंकाचा उपयोग करीत. पुढे तो अरबी बंदरांतून यूरोपात जाऊ लागल्यामुळे त्यास ‘अरबी’ हे नाव मिळाले. अठराव्या शतकात कापडावरील छपाईसाठी त्याला एवढी मागणी आली की, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील डिंकाच्या व्यापारासाठी यूरोपीय सत्तांमध्ये संघर्ष झाले.

या व्यापारात मुंबई बंदराचाही भाग होता. एकोणिसाव्या शतकात ‘ईस्ट इंडिया डिंक’ या नावाने यूरोपात विकला जाणारा पुष्कळसा माल भारतीय नव्हता. तो तांबड्या समुद्राच्या व एडनच्या बाजूने मुंबईस येत असे व तेथून पुढे निर्यात होई. भारतातील बाभळीचा डिंक त्याच वंशातील असला, तरी गुणांनी तो खऱ्या अरबी डिंकाची बरोबरी करीत नाही. राजस्थानात वाढणारा कुमट हा वृक्ष मात्र ॲकेशिया सेनेगल हाच होय.

पायसीकारक म्हणून या डिंकाची खरी कसोटी औषधविक्रेत्यांच्या खलात लागली. कॉड माशाच्या यकृताचे तेल किंवा एरंडेल रुग्णाला घेता येईल अशा रूपात देण्यासाठी त्याचे पायस करावे लागे. त्याचे प्रमाण औषधनिर्मात्यांनी अनुभवाने ठरविले होते. तेल ४ भाग, पाणी २ भाग व डिंकाची पूड १ भाग खलात झपाट्याने घोटून प्राथमिक पायस करावयाचे व मग ते पाण्याने विरल करावयाचे, ही रीत विसाव्या शतकातही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविली जात असे. हा डिंक वापरला असता पायस साधते, ट्रॅगकांथ डिंक वापरला असता पायस दाट होते पण थेंब मोठे राहतात, हे त्यांना माहीत होते. त्याचे कारण मात्र सांगता येत नव्हते.

घटक शर्करांचा शोध : नॉयबाउअर यांनी १८५४ मध्ये अरबी डिंक हा एका दुर्बल अम्लाच्या कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम लवणांचा बनलेला असल्याचे दाखविले. या अम्लास अराबिक अम्ल असे नाव मिळाले. टॉमस ग्रॅहॅम (१८०५–६९) यांनी १८६१ मध्ये पटलातून सहज पार न जाणाऱ्या द्रव्यांना कलिल ही संज्ञा दिली व त्यांत डिंकाचा समावेश केला. कार्ल शाइब्लर यांनी १८७० च्या सुमारास वनस्पतिज डिंकद्रव्यांच्या जलीय विच्छेदनाने (पाण्याच्या साहाय्याने घटक अलग करण्याच्या क्रियेने) मिळणाऱ्या शर्करेस अराबिनोज असे नाव दिले. तिच्या रेणूत पाच कार्बन अणू असतात, हे हाइन्रिख कीलिआनी यांनी १८८७ मध्ये सिद्ध केले.

विसाव्या शतकात या संशोधनास वेग आला. बटलर व क्रेचर यांनी १९२९ मध्ये अरबी डिंकापासून ग्लुकुरॉनिक अम्ल व गॅलॅक्टोज यांचे जोडसंयुग वेगळे केले. बर्मिंगहॅम येथे नॉर्मन हॉवर्थ (१८८३–१९५०) व एडमंड हर्स्ट यांच्या संप्रदायाने मिथिलीकरणाची पद्धती डिंकांना लावली. या पद्धतीत रेणूतील मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथिल गट चढवितात व नंतर रेणू तोडतात. ज्या जागी मिथिल गट आढळत नाही, ती जागा मूळ रेणूत शेजारच्या शर्करेशी जोडलेली होती, असे अनुमान निघते. फ्रेड स्मिथ यांनी १९३९–४० च्या सुमारास या पद्धतीने अराबिक अम्लाची रूपरेषा मांडली. पुढे एडिंबरो येथे हर्स्ट, जी. ओ. ॲस्पिनॉल व डी. एम. डब्ल्यू. अँडरसन यांनी अनेक वनस्पतींच्या डिंकांचा पद्धतशीर अभ्यास केला.

या अभ्यासांतून पुढील चित्र स्पष्ट झाले : अरबी डिंकात सुमारे ४४ टक्के गॅलॅक्टोज, २७ टक्के अराबिनोज, १३ टक्के ऱ्हॅम्नोज व १६ ते १७ टक्के ग्लुकुरॉनिक अम्ल व त्याचे मिथिल अनुजात असते. गॅलॅक्टोजाची साखळी हा त्याचा कणा असून त्यापासून पुन:पुन्हा शाखा फुटतात. ऱ्हॅम्नोज व ग्लुकुरॉनिक अम्ल ही बहुधा शाखांच्या टोकांशी असतात. हे ज्ञान रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठेच होते. परंतु त्यातून औषधविक्रेत्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. जवळजवळ त्याच शर्करा त्याच प्रकारे जोडलेले इतर ॲकेशिया डिंक पायसीकरणात निकृष्ट ठरत होते.

शाखायुक्त रचनेचे महत्त्व : शाखांच्या अभ्यासाने प्रश्नाचा अर्धा भाग मात्र सुटला. सेल्युलोजाच्या सरळ साखळ्या एकमेकींस लगटून बसतात, म्हणून ते पाण्यात विरघळत नाही. गवारीच्या डिंकात मॅनोजाच्या लांब कण्यावर साधारणतः दोन एककांआड एक गॅलॅक्टोज असते. या आखूड शाखांमुळे साखळ्या विलग राहतात व द्रव्य पाण्यात विरघळते. परंतु लांबलचक साखळ्या पाण्यात मोठी जागा व्यापून एकमेकींत गुंतत असल्यामुळे १ टक्का विद्रावही अतिशय दाट होतो. अरबी डिंकाचा रेणू दाट शाखांमुळे आटोपशीर राहतो. त्याचा १ टक्का विद्राव पाण्याहून फारसा दाट नसतो व ५० टक्क्यांपर्यंत तीव्रतेचा विद्रावही ओतता येतो.

पायसीकरणात याचे दोन लाभ होतात. पहिला म्हणजे पाणी दाट न करता त्यात पुष्कळ डिंक घालता येतो व तो नव्या तेलपृष्ठाकडे विनाअडथळा पोहोचतो. दुसरा लाभ थेंबाभोवती पटल जमल्यानंतरचा आहे. झुपकेदार शाखा पाण्यात जाड थर धरतात व दोन थेंबांना दूर ठेवतात. ग्लुकुरॉनिक अम्लामुळे येणारा ऋण विद्युत् भारही थेंबांच्या प्रतिसारणास (एकमेकांना दूर लोटण्यास) मदत करतो. लिंबूवर्गीय पेयांसारख्या अम्लधर्मी द्रवात हा भार क्षीण होतो. तेव्हा शाखांचा जाड थरच थेंबांचे रक्षण करतो. दुधातील केसीन हे प्रथिन उत्तम पायसीकारक असूनही आंबट पेयांत साकळते, अरबी डिंक मात्र टिकतो, याचे कारण हेच आहे. परंतु हा शाखायुक्त, जलस्नेही रेणू मुळात तेलाला चिकटतो कसा, हा प्रश्न शिल्लक राहिला.

प्रथिनाचा प्रश्न : अरबी डिंकात ०.३ ते ०.४ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २ टक्के प्रथिन, असते. हे प्रथिन सालीतून वा हाताळणीतून आलेली अशुद्धी असावी, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात अनेक डिंकांतील ॲमिनो अम्लांची मोजणी केली. अरबी डिंकातील प्रथिनात हायड्रॉक्सिप्रोलीन व सेरीन ही ॲमिनो अम्ले विशेष प्रमाणात आढळतात. ही गोष्ट आकस्मिक अशुद्धीशी जुळणारी नव्हती, कारण हायड्रॉक्सिप्रोलीन हे वनस्पतींच्या कोशिकाभित्तीशी (पेशींच्या आवरणाशी) संबद्ध असलेल्या प्रथिनांचे वैशिष्ट्य आहे. जपानी संशोधक आकियामा, एदा व काटो यांनी १९८४ मध्ये अरबी डिंक हे अराबिनोगॅलॅक्टन-प्रथिन या वर्गातील द्रव्य असल्याचे प्रतिपादन केले. फ्रान्समधील व्हांदव्हेल्द व फेन्यो यांनी १९८५ मध्ये रेणूंच्या आकारानुसार पृथक्करण करून दाखविले की, डिंकाचे रेणू एकजिनसी नसून त्यांत मोठ्या रेणुभाराचा एक लहान अंश असतो व प्रथिनाचा बराच भाग त्याच्याशी निगडित असतो.

निर्णायक प्रयोग वेल्समध्ये आर. सी. रँडल, ग्लिन फिलिप्स व पीटर विल्यम्स यांनी केले (१९८८–८९). जलद्वेषी गटांकडे रेणूंची ओढ किती, या कसोटीवर आधारलेल्या वर्णलेखनाने त्यांनी डिंकाचे तीन अंश पाडले. सुमारे ८८ टक्के डिंक अराबिनोगॅलॅक्टन असून त्याचा रेणुभार सुमारे २,८०,००० व त्यातील प्रथिन अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. सुमारे १० टक्के भाग अराबिनोगॅलॅक्टन-प्रथिन असून त्याचा रेणुभार सुमारे १४,५०,००० व प्रथिन सुमारे १२ टक्के असते. उरलेला सुमारे १ टक्का भाग ग्लायकोप्रथिन असून त्यात जवळजवळ निम्मे प्रथिन असते. पायस तयार केल्यावर पाण्यात कोणता अंश उरला आहे हे तपासले, तेव्हा एकूण डिंकापैकी केवळ १ ते २ टक्के भाग तेलाच्या पृष्ठावर जमतो व तो प्रथिनयुक्त मोठ्या रेणूंचाच असतो, असे आढळले.

त्याहून अधिक बोलका प्रयोग प्रथिन-विच्छेदक एंझाइमाचा (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचा) होता. या एंझाइमाने डिंकातील शर्करांच्या साखळ्यांना धक्का लागत नाही. तरीही त्याची क्रिया झाल्यावर मोठे रेणू सुमारे २,००,००० रेणुभाराच्या तुकड्यांत विभागले गेले आणि डिंकाची पायसीकारक शक्ती जवळजवळ नष्ट झाली. डिंकाचा विद्राव दीर्घकाळ उकळल्यासही प्रथिनाचे स्वरूप बिघडून ही शक्ती घटते. याच सुमारास लीड्स येथे एरिक डिकिन्सन यांनी निरनिराळ्या ॲकेशिया डिंकांच्या पृष्ठीय गुणधर्मांचा नायट्रोजनाच्या प्रमाणाशी असलेला संबंध तपासला. ज्यास अशुद्धी म्हणून बाजूस सारले जात होते, तोच डिंकाचा कार्यकारी घटक ठरला. तेलाइतक्याच वजनाचा डिंक का घालावा लागतो, या व्यवहारातील कोड्याचाही त्यामुळे उलगडा झाला : घातलेल्या डिंकाचा थोडाच अंश पृष्ठावर काम करतो.

रेणूच्या आकाराची प्रतिमाने : १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील फिंचर, स्टोन व क्लार्क यांनी अराबिनोगॅलॅक्टन-प्रथिनांसाठी ‘वॉटल फुलोऱ्या’चे प्रतिमान सुचविले. वॉटल म्हणजे ऑस्ट्रेलियातील बाभूळवर्गीय झाडे. त्यांचा फुलोरा आपल्याकडील बाभळीच्या पिवळ्या गेंदांसारखाच असतो. एका डहाळीवर असे गेंद ओळीने लागावेत, त्याप्रमाणे प्रथिनाच्या साखळीवर शर्करांचे गोलाकार झुपके जोडलेले असतात, अशी ही कल्पना आहे. एंझाइमाने डहाळी तोडली की गेंद सुटे होतात, हे वरील प्रयोगाशी जुळते. अमेरिकेतील ची, फाँग व लॅम्पोर्ट यांनी १९९१ मध्ये याहून वेगळे, शर्करांच्या लहान शाखांनी वेढलेल्या पीळदार केसाळ दोरीचे, प्रतिमान मांडले. २००८ मध्ये विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनी प्रथिनसाखळीत सुमारे २५० ॲमिनो अम्ले असून तिच्यावरील शर्करांचे झुपके सुमारे ४५,००० रेणुभाराचे असल्याचे अनुमान काढले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात मुख्य अराबिनोगॅलॅक्टन अंशाचा रेणू गोल नसून सुमारे २० नॅनोमीटर व्यासाच्या व २ नॅनोमीटरांहून कमी जाडीच्या चकतीसारखा असल्याचे दिसून आले. तपशिलांत भेद असला, तरी प्रथिन तेलाकडे व शर्करांचे झुपके पाण्याकडे, ही मांडणी या सर्व प्रतिमानांना मान्य आहे.

इतर पॉलिसॅकॅराइडे : एकदा हे तत्त्व हाती आल्यावर इतर वनस्पतिज द्रव्यांचे वर्तनही समजू लागले. आँरी ब्राकॉनो यांनी १८२५ मध्ये नाव दिलेल्या पेक्टिनाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. लिंबूवर्गीय फळांचे पेक्टिन मुरंब्यात उत्तम गोठते, पण पायसीकारक म्हणून ते सामान्यतः दुर्बल असते. साखरबीटच्या चोथ्यातील पेक्टिनाचा गोठण्याचा गुण कमी असतो, कारण त्याच्या साखळीवर ॲसिटिल गट असतात व त्यामुळे साखळ्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत. परंतु त्याच्या शाखांशी प्रथिन अधिक प्रमाणात जोडलेले असल्यामुळे ते पायस चांगले टिकविते. प्रथिन काढून टाकले की, हे सामर्थ्यही ओसरते. १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये सोयाबीनच्या चोथ्यापासून काढण्यात आलेले विद्राव्य पॉलिसॅकॅराइडही याच रीतीने कार्य करते.

भारतीय दृष्टीने धावड्याच्या (ॲनोगायसस लॅटिफोलिया) डिंकाला विशेष महत्त्व आहे. बाळंतिणीसाठी करावयाच्या लाडवांमुळे तो महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. व्यापारात त्यास घट्टी डिंक म्हणतात. डोंगरातील घाटांवरून तो बंदरांकडे येत असे, यावरून हे नाव पडले. ॲस्पिनॉल, हर्स्ट व विकस्ट्रॉम यांनी १९५५ मध्ये त्याच्या संरचनेच्या अभ्यासास आरंभ केला. त्याच्या अंतर्भागात ग्लुकुरॉनिक अम्ल व मॅनोज यांची एकाआड एक अशी साखळी असून तिला अराबिनोज व गॅलॅक्टोज यांच्या दाट शाखा असतात. या डिंकातही थोडे प्रथिन असते. त्याचा विद्राव अरबी डिंकाच्या विद्रावाहून दाट होतो. मात्र तेवढ्याच तेलाचे पायस करण्यास तो कमी प्रमाणात पुरतो. त्याचा काही भाग पाण्यात न विरघळता केवळ फुगतो व निरनिराळ्या जंगलांतील मालाचे गुण सारखे नसतात, या त्याच्या उद्योगातील मुख्य अडचणी होत.

निसर्गाने प्रथिन जोडून साधलेली गोष्ट रसायनशास्त्रज्ञांनी स्टार्चवर वेगळ्या मार्गाने साधली. कॉल्डवेल व वुर्झबर्ग यांना १९५३ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या एकस्वात (पेटंटात) स्टार्चवर ऑक्टेनिल सक्सिनिक ॲनहायड्राइडाची क्रिया करून त्याच्या साखळीवर आठ कार्बन अणूंची जलद्वेषी शेपटी बसविण्याची पद्धत आहे. अन्नासाठी वापरावयाच्या स्टार्चमध्ये या द्रव्याचे प्रमाण वजनाने ३ टक्क्यांहून अधिक ठेवीत नाहीत. म्हणजे साधारणतः ५० ग्लुकोज एककांमागे एकच शेपटी असते. एवढ्या अल्प बदलाने केवळ खळीस उपयोगी पडणारे स्टार्च पायसीकारक बनते. शाखायुक्त ॲमिलोपेक्टिनच प्रामुख्याने असलेल्या मेणमक्याचे स्टार्च यासाठी पसंत करतात. शाखा पाण्याकडे व जलद्वेषी अंश तेलाकडे, हेच सूत्र येथेही दिसते.

मतभेद व मानके : पॉलिसॅकॅराइड प्रथिनाशिवाय स्वतः तेलाच्या पृष्ठावर जमू शकते काय, याविषयी १९९० नंतरच्या काळात मतभेद झाले. जेरूसलेम येथील निसिम गार्टी व सहकारी यांनी गवारीच्या डिंकासारखी द्रव्येही पृष्ठावर जमून पायस टिकवितात, असे मत मांडले. डिकिन्सन यांनी, अशा नमुन्यांत उरलेले थोडे प्रथिन व पाण्याचा वाढलेला दाटपणा यांनीच या निष्कर्षांचा बराचसा उलगडा होतो, असा आक्षेप घेतला. या वादामुळे नमुन्याची शुद्धता मोजल्याविना पायसीकरणाचे श्रेय कोणत्याही पॉलिसॅकॅराइडास देऊ नये, ही शिस्त रूढ झाली.

दुसरा वाद व्यापाराशी निगडित होता. सूदानात ताल्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲकेशिया सेयाल या झाडाचा डिंकही बाजारात येतो. तो स्वस्त असतो. पण त्यातील प्रथिन कमी असल्याने पायसीकरणात तो हाशाब डिंकाच्या तुलनेने हीन ठरतो. हाशाब डिंकाचा विद्राव वामवलनी (ध्रुवित प्रकाशाची पातळी डावीकडे वळविणारा), तर ताल्ह्याचा दक्षिणवलनी असल्याने दोन्ही ओळखता येतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या अन्नपूरक द्रव्यांविषयीच्या संयुक्त तज्ञ समितीने १९९० च्या विनिर्देशात अरबी डिंकाचे विशिष्ट वलन −२६ ते −३४ अंश व नायट्रोजन ०.२७ ते ०.३९ टक्के असावे, असे ठरविले होते. त्याच दशकाच्या अखेरीस मात्र दोन्ही झाडांचे डिंक ‘अरबी डिंक’ या एकाच व्याख्येत घेण्यात आले व या कसोट्या वगळण्यात आल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने दोहोंत भेद नसला, तरी कार्याच्या दृष्टीने आहे. त्यामुळे पेयनिर्मात्यांना स्वतःची परीक्षणे ठेवावी लागली.

आर्थिक बाजू : संरचनेच्या या ज्ञानाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी व पुन्हा १९८४–८५ मध्ये साहेल प्रदेशात पडलेल्या अवर्षणांमुळे डिंकाचा पुरवठा घटला, भाव कडाडले व अनेक उद्योग रूपांतरित स्टार्चकडे वळले. शीतपेयांतील सुगंधी तेलाचे पायस शेकडो पटींनी विरल केल्यावरही बाटलीत महिनोन्‌महिने टिकावे लागते. हे काम करू शकणारे पर्याय मोजकेच असल्यामुळे १९९७ मध्ये सूदानवर आर्थिक निर्बंध लादताना अमेरिकेने या डिंकाच्या आयातीस वाट मोकळी ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये सूदानात सुरू झालेल्या युद्धात कोर्दोफान व दार्फुर हे डिंकाचे प्रदेशच रणक्षेत्र बनले व संग्राहक कुटुंबांच्या उपजीविकेवर संकट ओढवले.

पर्याय शोधणाऱ्या उद्योगास आज काय हवे ते नेमके ठाऊक आहे : शाखायुक्त आटोपशीर रेणू, त्यास बद्ध असलेला जलद्वेषी अंश व प्रत्येक खेपेस सारखा राहणारा दर्जा. कोरड्या डिंकास नियंत्रित उष्णता देऊन त्यातील प्रथिनयुक्त मोठ्या रेणूंचे प्रमाण वाढविण्याची पद्धतीही विकसित झाली आहे. परंतु ज्या जोडणीवर हे सारे अवलंबून असते, ती आजही झाडाच्या जखमेतच घडते. सातपुडा व विदर्भ यांच्या शुष्क पानझडी वनांतील धावड्यालाही हे लागू आहे. वनहक्क अधिनियम, २००६ यान्वये डिंकासारख्या गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य झाला आहे. झाडास खोल घाव न घालता डिंक काढणे, जातवार वेगळा ठेवणे व प्रथिन, श्यानता इ. गुणांची मोजणी करणे या गोष्टी साधल्यास धावड्याचा डिंक केवळ रंगावरून न विकला जाता त्याच्या कार्यक्षमतेच्या मोलाने विकता येईल. औषधविक्रेत्याने खलात ओळखलेला व रसायनशास्त्रज्ञाने रेणूत शोधलेला गुण संग्राहकाच्या पदरी मोल घालू शकला, तरच या ज्ञानाचे वर्तुळ पूर्ण होईल.